टॉवेल-टोपीऐवजी सागाचं झाड

परदेशात सागवान विकायचं हे माझ्या डोक्यात कचेरीत भरलं. तेव्हा शहरात त्याची साथच आली होती. सकाळी टेबलावर फायलींच्या आधी रंगीत पत्रकं येऊन पडायची. एका बाजूला सरळसोट सागाची रांग, दुसऱ्या बाजूला निळ्या समुद्रात लाकडानं भरलेलं जहाज, आणि मध्ये हसरं कुटुंब. ते कुटुंब झाडांकडे बघून हसत होतं की जहाजाकडे, हे कळत नव्हतं. जंगलाला हात न लावता लागवड करून वाढवलेलं लाकूड बाहेरच्या देशांत हातोहात जातं, एक तोडा, एक लावा, निसर्गही खूश आणि तुम्हीही, असा एकूण मजकूर होता. मी तो इतक्या वेळा वाचला की एकदा जेवताना बायकोला तोंडपाठ म्हणून दाखवला.

ती म्हणाली, "अहो, गॅलरीतली तुळस तुम्ही दोनदा वाळवलीत."

"तुळस वेगळी आणि साग वेगळा."

"तेच म्हणते मी. तुळशीला निदान मी आहे."

पैसे भरून कुठल्याशा कंपनीच्या मळ्यातलं झाड नावावर करून घ्यावं, असा माझा मूळ बेत होता. पण आमच्या घरात कुठलाही बेत दादाला विचारल्याशिवाय पुढं सरकत नाही. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. कन्नडच्या अलीकडे आमचं गाव आहे, तिथली शेती तो बघतो. मी शिकलो, नोकरीला लागलो आणि शहरात राहिलो. तो शिकला नाही, म्हणून त्याला शेतीतलं कळतं. एका रविवारी मी पत्रक घेऊन गेलो. दादानं ते उलटसुलट करून पाहिलं.

"हे झाड कुठंय?"

"असेल कर्नाटकात वगैरे. कंपनी सांभाळते."

"तू बगितलं का?"

"फोटो आहे ना हा."

"फोटोला पाणी कोण घालतं?"

पत्रकाची नीट घडी घालून ती माझ्या खिशात परत ठेवत दादा म्हणाला, "झाडच लावायचं तर आपलं रान काय मेलंय का? कागदावरचं झाड मला दिसंना गड्या. जमिनीतलं दिसंल."

मग मी त्याला शाश्वत लागवड म्हणजे काय ते समजावून सांगितलं. एक झाड तोडलं की त्याच्या जागी दुसरं लावायचं, म्हणजे रान कधी संपत नाही. त्यानं सगळं शांतपणे ऐकलं.

"म्हंजे ज्वारीसारखं," तो म्हणाला.

"ज्वारीसारखं नाही दादा, हे फार वेगळं आहे."

"काढायचं आन पेरायचं. फरक येवढाच का ज्वारी माह्या हयातीत येते."

तरीही त्यानं विहिरीजवळची वीस गुंठे दिली. हे सांगताना मला आजही जरा जड जातं, कारण ती त्याची सगळ्यात चांगली जमीन होती. काळी, भुसभुशीत, उन्हाळ्यातही ओल धरणारी. तिथं तो मिरची घ्यायचा आणि कन्नडच्या बाजारात त्याच्या मिरचीचा ढीग सगळ्यांच्या आधी उठायचा. ती जमीन त्यानं माझ्या शब्दावर वीस-पंचवीस वर्षांसाठी अडकवली. "साहेबानं वाचलंय, म्हंजे आसंल काहीतरी," एवढंच तो वहिनींना म्हणाला. घरात मला साहेब म्हणतात. कचेरीत कुणी म्हणत नाही.

रोपं पोत्यातून आली. माझ्या मनात पत्रकातली रांग होती, आणि पोत्यातून निघाल्या अंगठ्याएवढ्या जाडीच्या, वीतभर लांबीच्या वाळक्या मुळ्या. सागाची लागवड अशीच होते. मुळीचा तुकडा रोवायचा, त्याला फूट येते. मला ते माहीत नव्हतं, पण मी माहीत असल्यासारखा चेहरा केला. बांधावर जमलेल्या मंडळींपैकी एकानं मुळी उचलून नाकाशी नेली आणि विचारलं, "साहेब, ह्या सुकल्या गाजरानं जहाज भरायचं व्हय?"

मी लेखी योजना करून नेली होती. तिच्यात खड्ड्याची खोली होती, खत होतं, कुंपण होतं. 'पाणी' या रकान्यात मी 'घरच्या घरी' असं लिहिलं होतं. दोन झाडांमधलं अंतर मात्र सांगितल्यापेक्षा थोडं कमी धरलं. जागा तेवढीच आणि झाडं जास्त, म्हणजे जहाज लवकर भरेल, इतका तो सरळ विचार होता. चारशेच्या आसपास झाडं जगली. पहिल्या वर्षी त्या गाजरांना पंजाएवढी पानं फुटली, दुसऱ्या वर्षी सुपाएवढी. चौथ्या वर्षी रान असं गच्च झालं की भरदुपारी आत शिरलं तरी डोळ्यांना सवय व्हायला वेळ लागायचा. मी दर रविवारी एसटी पकडून झाडं बघायला जायचो. बघायला म्हणजे बघायलाच. हात मागं बांधून ओळींमधून हिंडायचो आणि संध्याकाळच्या गाडीनं परत यायचो.

त्याच वर्षी दादाच्या मुलीचं लग्न ठरलं, आणि मला दुसरी कल्पना सुचली. पहिल्या कल्पनेनं कुणाचं नुकसान झालं नव्हतं. ते दुसरीनं भरून काढलं.

लग्नात आमच्याकडे पाव्हण्यांचा मान टॉवेल-टोपीनं करतात. ही वस्तू मोठी मजेची आहे. ती टोपी कुणाच्या डोक्याला बसत नाही आणि त्या टॉवेलानं कुणाचं अंग पुसलं जात नाही. घेणारा ती घरी नेऊन पेटीत ठेवतो आणि पुढच्या लग्नात दुसऱ्याच्या हातात देतो. आमच्या मामांना त्यांनीच एकदा दिलेली टोपी सहा वर्षांनी परत आली. आतल्या शाईच्या डागावरून त्यांनी ती ओळखली आणि घडी न मोडता पुन्हा पेटीत टाकली. पण तीच टोपी द्यायची राहून गेली, तर माणूस मांडवातून न जेवता उठून जातो आणि त्याची समजूत घालायला चार गावं हिंडावी लागतात. बायकांच्या लुगड्या-चोळीचीही तीच गत.

लग्नाच्या बैठकीत मी उभा राहिलो. म्हणालो, "फिरत राहणारी टोपी द्यायची कशाला? प्रत्येक मानकऱ्याला आपण सागाचं एक झाड देऊ. त्याच्या नावाची पाटी झाडाला लावू. झाड वाढेल तसा मान वाढेल."

बैठक गार झाली. असं काही आमच्या घराण्यात कुणी बोललं नव्हतं. दादा तेवढा हळूच म्हणाला, "झाडं तर विकायला लावली ना आपण?"

"विकली की ज्याचं त्याला काहीतरी देऊ. तोवर नाव."

"आन आत्याला?"

आत्या म्हणजे आमच्या वडिलांची थोरली बहीण. अजिंठ्याला दिलेली. घराण्यात तिच्याहून मोठं आता कुणी नाही, आणि असतं तरी तिनं त्याला मोठं होऊ दिलं नसतं. "आत्याला पहिल्या ओळीतलं पहिलं," मी म्हणालो, आणि विषय संपला.

शहरातल्या शहागंजात एक पेंटर पत्र्याच्या पाट्या रंगवायचा. मी त्याला चारशे नावांची यादी दिली. त्यानं यादी बघितली, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "साहब, इलेक्शन है क्या?" प्रत्येक नावाखाली त्यानं आपणहून एक गुलाबाचं फूल काढून दिलं.

तुळशीची लग्नं झाल्यावर पहिल्याच मुहूर्ताला लग्न लागलं. जेवणं झाल्यावर एकेका पाव्हण्याला वाजतगाजत रानात नेलं. त्याच्या हातानं त्याच्या झाडाला पाटी बांधली. व्याह्यांना वाटेजवळची दोन चांगली झाडं दिली. लोक हरखून गेले. ज्यांना कधी कुणी स्टुलावर बसा म्हणालं नव्हतं, ते आपल्या नावाच्या झाडाला टेकून फोटो काढत होते. आत्यानं आपल्या झाडाच्या बुंध्यावरून हात फिरवला, कनवटीचा करंडा काढला आणि झाडाला हळद-कुंकू लावलं. तिला मी तेव्हाच थांबवायला हवं होतं. पण मी तेव्हा फोटोत होतो. विहिरीला लागून असलेलं, सगळ्यात उंच झाड मी माझ्या नावानं ठेवलं होतं. योजना माझी होती.

पुढची तीन-चार वर्षं आमच्या गावाला जितके पाव्हणे आले तेवढे आधीच्या तीस वर्षांत आले नसतील. वेरूळला जाणारे वाट वाकडी करून यायचे. "जरा आमचं झाड बघून जातो," म्हणायचे आणि जेवून जायचे. आत्या भाऊबीजेला आली की वडिलांच्या जागी आम्हाला ओवाळून झाल्यावर तबक घेऊन रानात जायची. मला हे सगळं यश वाटत होतं.

आठव्या वर्षी मी विचार केला, आता जाणत्या माणसाला माल दाखवावा. शहागंजात लाकडाच्या वखारीचे एक मालक होते, म्हातारे, सगळे त्यांना चाचा म्हणत. बाहेरदेशी लाकूड धाडणाऱ्या मुंबईच्या व्यापाऱ्यांशी त्यांची ओळख होती. मी त्यांना जीपमध्ये घालून गावी नेलं. वाटेत त्यांना जहाजाचं सांगितलं. ते ऐकत होते की झोपले होते ते शेवटपर्यंत समजलं नाही.

रानात शिरल्यावर चाचांनी मान वर करून पाहिलं. मग एका झाडाला दोन हातांच्या चिमटीत धरलं. चिमटी सहज जुळली.

"कित्ते साल का है?"

"आठ."

"मियाँ, ये सागवान है या पतंग की कामटी?"

दादा माझ्याकडे बघत होता. मी झाडाकडे बघत होतो.

चाचा काही वाईट बोलले नाहीत. दादाला बाजूला बसवून त्यांनी नीट सांगितलं. झाडं इतकी जवळ लावली की उन्हासाठी सगळी वर पळाली, जाड व्हायला कुणाला सवडच मिळाली नाही. जमीन उत्तम आहे, जात उत्तम आहे. "एक छोड के एक काटो. आधे निकालो, तो आधे बनते. इस साल काटो. नै तो फिर ये जिंदगीभर मंडप के बांस रहते, बाहर का आदमी देखता बी नै."

वनखात्याच्या कचेरीत दादानं खेटे घालून परवानगी आणली. साग आपल्या रानातला असला तरी विचारल्याशिवाय तोडता येत नाही. कागदावर लिहिलं होतं की संक्रांतीच्या आत तोड करावी, निम्म्याहून एकही झाड जास्त तोडू नये, आणि कुठली तोडायची त्यांच्यावर आधी चुन्याची खूण करावी. कुठली ते आमचं आम्ही ठरवायचं होतं.

कागद हातात घेऊन मी दादाला म्हणालो, "मग उद्यापासून लावू की कुऱ्हाड."

"कोणाच्या झाडाला?"

तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं. आम्हा दोघा भावांची दोन सोडली तर रानात आमचं असं एकही झाड नव्हतं. चारशे झाडं आणि चारशे माणसांचे मान होते, आणि ते गुलाबाच्या फुलासकट टांगलेले होते.

"मानानं दिलेली वस्तू हाये," दादा म्हणाला. "पोरगी त्या घरात नांदती. लोकाचा मान आपण कुऱ्हाडीनं तोडला, आसं तिच्या कानावर आलं तर तिनं तिथं मान कशी वर करायची? ज्याचं झाड त्यानं तोड म्हणलं तर मी तोडीन. नाय तर राहू दे."

"राहू दे म्हणजे? आठ वर्षं गेली दादा. अजून वीस जातील, आणि हाती बांबू येतील. ही जमीन तुझी..."

"म्हाईत हाये मला जमीन कोणती ती," तो म्हणाला. रागानं नाही. तो रागावला असता तर बरं झालं असतं.

मी त्याला म्हणालो, परवानग्या मी आणतो. घोळ मी केला होता, आणि संक्रांतीला महिना-सव्वा महिना होता.

सुरुवात आत्यापासून केली. तिनं हो म्हटलं असतं तर बाकीच्यांची नाही म्हणायची छाती नव्हती. अजिंठ्याला उतरलो, तिच्या आवडीचे पेढे पुढे केले आणि चहाच्या आधीच विषय काढला. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजे माह्या झाडाला तू कुऱ्हाड लावतो."

"तुझ्याच असं नाही आत्या. एकाआड एक."

"टोपी दिली आसती तर तीबी माघारी मागितली आसती का रं?"

"आत्या, दाटीत झाड जाड होत नाही. शेजारचं काढलं की..."

"मंग शेजारचं काढ. कोणाचं हाये माह्या शेजारी?"

"मामांचं."

"त्याचंच काढ. त्यानं तुह्या बापाच्या लग्नात लई तमाशा केलता."

तिथून मी मामांकडे गेलो. मामा म्हणाले, विरळणी हवीच, शेतीशास्त्रात तसंच सांगितलंय, माझ्या शेजारी तुझी आत्या आहे, तिच्यापासून सुरू कर. पुढचे तीन रविवार मी असाच हिंडलो. एकानं मला झाडाचा फोटो दाखवला, तो त्यांनी देव्हाऱ्याशेजारी लावला होता. दुसऱ्यानं सांगितलं की मुलीच्या स्थळाकडच्यांना आम्ही 'सागाची बाग आहे' असं सांगून बसलोय. एकंदरीत विरळणीला चारशे लोकांचा पाठिंबा होता. अडचण फक्त ज्याच्या त्याच्या झाडाची होती.

बायको म्हणाली, "तुम्ही निदान टॉवेल तरी द्यायचा होता. टॉवेल कुणी देव्हाऱ्याशेजारी लावत नाही."

शेवटी आत्याचाच निरोप आला. सगळ्यांना एका दिवशी रानात बोलाव, माझ्यासमोर काय ते ठरू दे.

तो रविवार मी विसरणार नाही. सकाळपासून जिपा येत होत्या. वहिनींनी पहाटेपासून चुली पेटवल्या होत्या. बाजरीच्या भाकरी, वांग्याची भाजी आणि ठेचा. झाडं तोडणारे तिघं जण कुऱ्हाडी मांडीवर ठेवून बांधावर तंबाखू मळत बसले होते. दादानं चुन्याची बादली आणि कुंचा आणून ठेवला आणि तो विहिरीच्या काठावर जाऊन बसला. आलेल्या माणसांनी कुणी काही न सांगता आपापल्या झाडाची जागा घेतली. कुणी बुंध्याला हात लावून, कुणी पाठ टेकून. रान माणसांनी भरलं, आणि कुणी कुणाशी बोलेना. शाळेत मास्तर पट्टी घेऊन आल्यावर वर्ग जसा बसतो तसं सगळं चाललं होतं. मास्तर मात्र मी होतो, आणि माझीच पट्टी हरवली होती.

मी बोलायला लागलो. "मंडळी, शाश्वत लागवडीत..."

"थांब," आत्या आपल्या झाडापासून म्हणाली. "कोणतं काढायचं ते कोण ठरवणार?"

"मी आणि दादा मिळून."

"तुहं झाड कोणतं?"

मी विहिरीकडे हात केला. चारशे माना तिकडे वळल्या. सगळ्यात उंच झाड, आणि पाटीही इतरांच्या दुप्पट. ती मी वेगळी सांगून करून घेतली होती.

"हां," आत्या म्हणाली. रानभर खोकल्यासारखं हसू फिरलं. "तू नको. तुह्या भावाचंबी हाये, तोबी नको. ज्याचं इथं झाड नाय आशा माणसानं ठरवावं. त्यानं खूण केली तर मी चकार शब्द बोलायची नाय."

हे सगळ्यांना पटलं आणि लगेच सगळे अडले. असा माणूस आणायचा कुठून? तोडणाऱ्यांपैकी एकाला विचारलं तर तो म्हणाला, "नको बाबा, मला ह्याच गावात राह्यचंय." कुणी सरपंचाचं नाव काढलं, सरपंच तिसऱ्या ओळीत आपल्या झाडाला धरून उभे होते.

वहिनी तेवढ्यात चहाची किटली घेऊन रानात आल्या. आत्याच्या हातात कप देताना त्या म्हणाल्या, "माह्या नावाचं नाय एक बी."

आधी मला वाटलं त्या गंमत करतायत. मग यादी डोळ्यांपुढे आली. मानकऱ्यांची यादी होती ती. ज्यांच्या घरचं कार्य त्यांनी मान द्यायचा असतो, घ्यायचा नसतो. दादाच्या नावाचं झाड मी मुलीचा बाप म्हणून घातलं होतं, माझं मी योजनेचा बाप म्हणून. वहिनींच्या माहेरची एकोणीस माणसं यादीत होती. व्याह्यांच्या ड्रायव्हरचं झाड होतं. आणि 'पाणी, घरच्या घरी' असं जे मी रकान्यात लिहिलं होतं, त्याचा अर्थ पहिले तीन उन्हाळे वीज नसताना वहिनींनी डोक्यावरून वाहिलेल्या घागरी असा होता. तो मला त्या दिवशी, चुन्याच्या बादलीशेजारी उभं असताना लागला.

आत्यानं कप खाली ठेवला. "घी तो कुंचा," ती वहिनींना म्हणाली.

वहिनींनी पदर खोचला, कुंचा बादलीत बुडवला आणि त्या सरळ विहिरीकडे चालत गेल्या. माझ्या झाडापाशी थांबल्या.

"भावजी, हे दिसायला उंच हाये. पण विहिरीच्या ओलीनं नुसतं वर गेलंय. बुडात जोर नाय." आणि त्यांनी माझ्या झाडाला पांढराशुभ्र पट्टा मारला.

ह्या वेळी हसू खोकल्यासारखं नव्हतं. व्याह्यांचे ड्रायव्हर तर खाली बसले. माझी बायको लांबून म्हणाली, "वहिनी, अगदी बरोबर ओळखलंत." मी पण हसलो, दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

त्यानंतर वहिनी ओळीनं निघाल्या. पाट्या त्या वाचतच नव्हत्या. "ह्याला दुसऱ्या सालात वाळवी लागलती." पट्टा. "हे वाकलंय." पट्टा. "हे चांगलं हाये, राहू द्या. शेजारचं काढा, ह्याला दाबतंय." प्रत्येक झाड त्यांना आजारपणासकट पाठ होतं. दादाच्या झाडाला पट्टा मारताना त्यांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. मामांचं झाड राहिलं, तेव्हा मामांनी छाती पुढे काढली. मग त्या आत्यापाशी आल्या, आणि पहिल्यांदा थांबल्या. झाडावर वर्षानुवर्षांच्या हळद-कुंकवाचा थर होता.

"काय झालं? बोल की," आत्या म्हणाली.

"आत्याबाई, ह्याचा शेंडा मोडलाय. गेल्या वादळात. खालून दिसत नाय."

आत्यानं वर पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग झाडाला बांधलेली पाटी तिनं स्वतःच्या हातानं सोडली, पदरानं पुसली आणि पिशवीत टाकली. "मार," ती म्हणाली.

त्यावर कुणी काही बोलण्याचा प्रश्नच नव्हता. कुऱ्हाडी चालू झाल्या. आत्याचं झाड पहिलं पडलं, आणि पडल्यावर ती म्हणाली, "हे माहं हाये ना? मंग जिपंवर टाका. माह्या ओसरीच्या पत्र्याखाली आडवं घालायला कामाला यील." आडवं झाल्यावर ते झाड भलतंच लांब आणि सरळ दिसत होतं. लोक जवळ येऊन हात लावून बघू लागले. कुणी म्हणालं, मांडवाला. कुणी म्हणालं, माळ्याच्या शिडीला. तासाभरात रानातला वारा फिरला. ज्यांचं झाड वाचलं होतं ते कासावीस झाले.

मामा माझ्या जवळ आले. "आमच्या झाडाचं काय?"

"तुमचं राहिलं मामा. जाड होणार आता. बाहेर जाईल."

"बाहेर कधी जाईल?"

"पंधरा-वीस वर्षांत."

"मी कुठं असेन तेव्हा? तिची लाकडं आज जिपेवर, आणि माझी वीस वर्षांनी? बघ ना, वहिनीला सांगून एक पट्टा मिळाला तर."

सकाळी झाडाला मिठी मारून उभी असलेली माणसं दुपारी कुंच्यामागं फिरत होती. कागदावर निम्म्याहून जास्त नको असं लिहिलं होतं म्हणून निभावलं, नाही तर त्या दिवशी रान साफ झालं असतं. दादाला बांधावर उभं राहून राहिलेल्या झाडांची राखण करावी लागली.

निर्यातीचं म्हणाल तर त्या रानातलं लाकूड आजवर सगळ्यात लांब गेलंय ते अजिंठ्यापर्यंत.

जेवणाआधी मी वहिनींना म्हणालो, "वहिनी, चूक झाली माझी. राहिलेल्यातलं सगळ्यात चांगलं झाड तुमच्या नावानं करतो. उद्याच पाटी करून आणतो, मोठी."

"पाटी नको भावजी," त्या हात धूत म्हणाल्या. "चार चांगले वासे तेवढे बाजूला काढा. न्हाणीला दार करायचंय. पोतं लावून लावून दमले."

न्हाणीला पोतं होतं हे मला माहीत होतं. दर रविवारी मी ते बाजूला करूनच आत जात होतो. जगाला दारं पुरवायला निघालेल्या घरात ते आठ वर्षं तसंच लटकत होतं. दादानं ऐकलं, उठला, पडलेल्या झाडांतले चार सरळ वासे निवडून खांद्यावर घेतले आणि घराच्या भिंतीला टेकवून आला. दुसऱ्या दिवशी सुताराला बोलावणं गेलं.

मंडळी पंगतीला बसत होती तेव्हा दादानं मला रानात हाक मारली. वहिनींच्या पट्ट्यांची झाडं बरीच पडली होती. ज्या जमिनीवर कितीक वर्षं कवडसाही पडला नव्हता तिथं ऊन पसरलं होतं, आणि पालापाचोळ्याखालची माती काळीभोर दिसत होती. दादा खाली वाकला, मूठभर माती घेऊन त्यानं ती बोटांनी मोकळी केली. मग राहिलेल्या एका झाडाला हात लावून म्हणाला, "आता घेर धरंल हे."

"धरेल ना?"

"धरंल." तो पुन्हा मातीकडे बघत होता. "आन मधल्या पट्ट्यात आर्ध्या उन्हात हळद लई चांगली यील."

"हळद?" मी म्हणालो. "दादा, हळदीला परदेशात काय मागणी आहे तुला कल्पना नाही. मी परवाच कुठंतरी वाचलं..."

बांधावरून वहिनींची हाक आली. "भावजी, आधी जेवून घ्या."